दोन वर्षांची माफी

पत्र इंग्रजीत होतं. उत्पलानं फोनवर
सावकाश मराठीत सांगितलं:
शिकून झाल्यावर दोन वर्षं मायदेशी जाऊन राहायचं
अशी अट होती, बाबा. ती माफ झाली.

मी म्हटलं, अभिनंदन.
मग रात्रभर त्या एका शब्दाशी झटत बसलो.
फी माफ होते. दंड माफ होतो.
खून केलेल्याचीसुद्धा कधी कधी
उरलेली शिक्षा माफ होते.
घर माफ होतं
हे एकोणसत्तराव्या वर्षी ऐकलं.

बदल्यात तीन वर्षं द्यायची
एका गावाला, जिथे डॉक्टर टिकत नाही.
गावाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही.
वस्ती अकराशे, धान्याच्या कोठारांचे दोन मनोरे,
मोठं इस्पितळ नव्वद मैलांवर,
जानेवारीत रस्ता दिसतच नाही म्हणे.
तिथल्या सरकारनं नकाशा काढलाय:
इथे डॉक्टर कमी, इथे नाहीच.
त्यातल्या एका रंगवलेल्या चौकोनात
आता माझी मुलगी बसते
आठवड्याचे चाळीस तास, त्याच पत्त्यावर.
पत्ता सोडला की कागद गेला.

मी गोवंडीच्या म्युनिसिपल दवाखान्यात
एकतीस वर्षं कंपाउंडर होतो.
लाल औषध, पांढरं औषध,
बाटलीवर खाचा कापलेली कागदाची पट्टी,
एक खाच, एक डोस.
दुसरीत असताना उत्पला शाळा सुटली की यायची
आणि पट्ट्या कापून द्यायची,
खाचा इतक्या सारख्या
की दस्तूरबाई चष्मा काढून बघायच्या.

दस्तूरबाई निवृत्त झाल्या.
फळ्यावर 'वैद्यकीय अधिकारी' या शब्दांपुढची जागा
खडूनं भरायची, पुसली जायची, परत भरायची.
आता नुसती पुसलेली असते.

लोक अजून माझ्या दारात येतात.
मी सांगतो, मी डॉक्टर नाही.
ते म्हणतात, माहीत आहे, बघा तरी.

परवा रात्री साडेनऊला शबिस्ता आली,
कडेवर सात महिन्यांचं पोर, तापानं पेंगलेलं.
तेवढ्यात उत्पलाचा फोन. तिकडे सकाळ,
तिच्यामागे खिडकीभर बर्फ,
आणि टेबलावर कुणा म्हातारीनं दिलेली
आलुबुखारच्या मुरंब्याची बरणी.
मी फोन पोराकडे वळवला.
बाबा, मला तिथे तपासता येत नाही,
माझा परवाना इथल्यापुरता.
मग ती गप्प झाली.
मग म्हणाली, झबलं काढा त्याचं. दिवा जवळ घ्या.
बरगड्यांखाली खड्डा पडतोय का?
घड्याळ लावा, एक मिनिट श्वास मोजा.

मी मोजले. शबिस्ता माझे ओठ बघत होती.
बासष्ट.
आत्ता शताब्दीला न्या, उत्पला म्हणाली,
रिक्षा नसेल तर उचलून पळा, पण आत्ता.
तिच्या दारावर कुणीतरी टकटक केलं,
तिचा तिथला पेशंट.
ती त्याला म्हणाली होती, एक मिनिट.
तेच मिनिट असणार
जे आम्ही इथे खर्च केलं.

पोर वाचलं. चार दिवस ऑक्सिजनवर होतं.
मी कळवलं. तिनं नुसता अंगठा पाठवला.
दोन तासांनी विचारलं, अंगावर पितोय का?

मला रागवायचं असतं कधी कधी.
पण कुणावर?
मुरंबेवाल्या म्हातारीला का फुप्फुसं नाहीत?
ती सतरा वर्षं त्या गावात
नव्वद मैलांच्या अंदाजानं खोकत होती.

काल माळ्यावर दवाखान्यातली जुनी बाटली सापडली.
धुतली. कागदाची पट्टी कापली,
तीन वर्षांच्या तीन खाचा,
डिंकानं चिकटवली.
हात आता थरथरतो,
खाचा सारख्या आल्या नाहीत.
मधलं वर्ष जरा मोठं झालंय.